मठ्ठ राक्षसाची थोरवी

ऑनलाइन गेममधले राक्षस मठ्ठ असतात, ही खेळाडूंची जुनी तक्रार आहे. माझं म्हणणं असं की ते मठ्ठ आहेत म्हणूनच खेळ चालतो, आणि त्यांना इतकं मठ्ठ ठेवायला कोणीतरी भरपूर डोकं खर्च केलेलं आहे. 2004 साली आलेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' घ्या. तिथला राक्षस रागाची खातेवही ठेवतो. तुम्ही जितकं मारलंत तितका राग तुमच्या नावावर. जखमी सोबत्याला बरं करणाऱ्याच्या नावावर साधारण निम्मा. ज्याची बाकी मोठी, त्याच्यावर हल्ला. तोही लगेच नाही: पहिल्याला सोडून दुसऱ्याकडे वळायचं तर जवळून लढणाऱ्याने 10 टक्के आणि लांबून मारणाऱ्याने 30 टक्के जास्त राग कमवावा लागतो. म्हणून चिलखतातला 'टँक' पुढे उभा राहून राक्षसाला डिवचत राहतो, राक्षस त्यालाच बडवत बसतो, आणि मागे झगा घातलेला 'हीलर' निवांत मलमपट्टी करतो. 'शिकारी' झालेला खेळाडू तर मेल्याचं सोंग घेऊन आपलं खातं कोरं करून घेतो. अशी कर्जमाफी अजून कुठल्या सरकारला साधलेली नाही.

यावर हुशार मंडळी म्हणतात, राक्षसाला खरी अक्कल द्या, त्याला आधी हीलरला गाठू द्या, मग बघा मजा. ही मजा बघायला नवा गेम कशाला? चंदीगडला सेक्टर 14 मध्ये पंजाब विद्यापीठाच्या आवारात लाल तोंडाची माकडं आहेत. त्यांच्यापुढे टँक होऊन पाहा. छाती काढून डोळ्याला डोळा भिडवलात तर माकडाच्या भाषेत ती धमकी ठरते. पण त्याचं लक्ष मागे पिशवी सांभाळणाऱ्या सोबत्याकडे असू शकतं. एक किंचाळलं की नातलग मदतीला धावतात, आणि मेल्याचं सोंग घेतलंत तर पिशवी घ्यायला आणखी सोपं. गेममधला राक्षस ठरावीक अंतरापुढे पाठलाग सोडून घरी परततो; माकडाला अशी हद्द ठाऊक नाही. चंदीगडची आखणी करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएने 800 बाय 1200 मीटरचे आखीव सेक्टर काढले, 13 हा आकडाही मुळात वगळला, पण माकडांना नकाशा दाखवायचा राहून गेला.

आक्षेप उरतो तो कंटाळ्याचा: राक्षस काय करणार हे आधीच ठाऊक असेल तर त्यात थरार कसला? पण थरार राक्षसात नसतोच, तो आपल्याच टोळीत असतो. टँकने पाय रोवण्याआधी कोणीतरी उतावळा तिरंदाज बाण सोडतो, राक्षस नियमाप्रमाणे त्याच्याकडे वळतो आणि पुढच्या मिनिटाला सगळे आडवे. माकडाने पिशवी नेली तर चूक पिशवीची, केळ्यांची की माकडाच्या लहरीची, यावर एकमत होत नाही. गेममध्ये मात्र आकडे समोर असतात, टक्केवारीसकट पंचनामा होतो आणि दोषी दोन मिनिटांत सापडतो. तो सांगतो, नेट स्लो होतं.