तासाच्या बोलीवर

उल्हासनगर पट्ट्यातल्या बी.कॉम.च्या पोरांना वाटाघाटी शिकवायच्या, हे धाडसच. पुस्तक हार्वर्डच्या फिशर-युरी जोडीचं, १९८१ चं. ते सांगतं, माणूस वेगळा ठेवा, प्रश्न वेगळा. गजानन मार्केटात बापाचं दुकान असलेली पोरगी मागच्या बाकावरून विचारते, "सर, आणि गिऱ्हाईक उठून चाललं तर?" उत्तर तिला पाठ असतं. दोन पावलं जाऊ द्यायचं, मग हाक मारायची. बदलापूर लोकलमध्ये रोज चौथी सीट मिळवणाऱ्यांना तर प्रात्यक्षिकाचे गुण न विचारताच द्यावेत.

पुस्तकाचा कळीचा मुद्दा 'बॅटना'. बोलणी फिसकटली तर हाताशी असलेला सर्वांत चांगला पर्याय. तो भक्कम असेल तरच माणूस ताठ बसतो. हे फळ्यावर लिहिणारे सर स्वतः तासिका तत्त्वावर. मानधन येईल तेव्हा येईल, सुट्टी बिनपगारी, आणि दाराबाहेर नेट-सेटवाल्यांची रांग. आनंदनगर एमआयडीसीत बाप कंत्राटी असलेला पोरगा हा धडा लिहूनही घेत नाही. घरी झालेला असतो.

जूनमध्ये प्राचार्यांसमोर सरांची वाटाघाट एका वाक्यात आटोपते. "यंदाही तास मिळतील ना, सर?" समोरची बाजू हार्वर्ड न वाचताच जिंकते.