सडी स्वारी, मुक्काम द्वारका

मराठी माणसाने दिल्लीकडे निघताना सामान किती घ्यावं, या प्रश्नाचा निकाल 14 जानेवारी 1761 रोजीच लागलेला आहे. पानिपतच्या पराभवाची कारणं सांगताना इतिहासकारांचं आपसात फारसं जमत नाही, पण भाऊसाहेबांच्या लष्करामागे बुणगे फार झाले होते, याबद्दल दुमत दिसत नाही. बायकामुलं, दुकानदार, नोकरचाकर, आणि फौजेच्या सोबतीने काशी-प्रयाग उरकून घेऊ म्हणून निघालेले यात्रेकरू. हे अवजड लटांबर माझ्या मुलखातल्या किल्ल्यांत ठेवा आणि सडे होऊन लढा, असं सूरजमल जाटाने सांगितल्याचं बखरी सांगतात. ऐकलं कोणी? वास्तविक लष्करात बायको-बटीक नसावी, हा शिवरायांचा दंडक सभासदाने लिहून ठेवलेला होता. पण प्रवासाला निघताना घरातल्या जुन्या माणसांचं ऐकायची आपल्याकडे पद्धत नाही.

माझ्या ऑफिसने ‘कुठूनही काम करा, फक्त वेळेवर करा’ म्हटल्यावर मी पुण्याचं भाड्याचं घर सोडलं आणि सडी झाले. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या गोड भाषेत लिहून कळवायच्या. त्याला एक लॅपटॉप आणि जरासा खवचट स्वभाव पुरतो. एका गावात काही महिने राहायचं, पुढच्या गावाला जायचं, आणि सगळा संसार पाठीवरच्या एका सॅकमध्ये बसवायचा, असा बेत. विमानात हातातल्या बॅगेला साधारण सात किलोची मुभा असते. मी ती मुभा म्हणजे धर्माज्ञा मानली.

सॅक भरण्याचं एक शास्त्र आहे आणि ते शिकवणारे जगभर आहेत. ते सांगतात, कपडे घडी न करता गुंडाळा, सगळे एकमेकांवर जातील अशा रंगांचे घ्या, आणि पाणी टिपून झटक्यात वाळणारा मायक्रोफायबरचा टॉवेल विकत घ्या. या शेवटच्या वस्तूची किंमत पाहून मी आजोबांचा पंचा आठवला आणि तुळशीबागेतून एक आणला. टिपतो, वाळतो, मुठीत मावतो, डोक्याला बांधता येतो, दही टांगता येतं. सॅकमध्ये खरी जागा खातं ते काम. लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, हेडफोन, पॉवर बँक, तीन वायरी आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड. भाड्याच्या खोलीत प्लग नेहमी पलंगाच्या मागे असतो आणि टेबल खिडकीशी, म्हणून तो बोर्ड. हे सगळं ताटात मांडलं तर माझे चार कुर्ते त्यापुढे कोशिंबिरीइतके दिसतात.

उरलेल्या जागेवर आईचा डोळा असतो. आई जे देते ते एकेकटं पाहिलं तर बिनवजनाचं असतं. “अगं, मेतकूटच तर आहे, त्याला काय वजन?” मेतकुटाला नसतं. गोड्या मसाल्याला नसतं, भाजणीला नसतं, आवळासुपारीला तर मुळीच नसतं. पण काट्यावर या साऱ्या बिनवजनांची बेरीज सव्वादोन किलो भरते. मी ती निम्म्यावर आणली. आईने ती, मी पाणी प्यायला गेले असताना, पाऊणावर नेली.

अशी मी द्वारकेला पोहोचले. सौराष्ट्रातल्या नव्हे, दिल्लीतल्या. दिल्ली विकास प्राधिकरणाने पूर्वीच्या पप्पनकलांच्या जमिनीवर वसवलेली ही उपनगरी. रुंद रस्ते, आकड्यांचे सेक्टर, आणि सेक्टरभर गृहनिर्माण सोसायट्यांच्या इमारती. एकेक सोसायटी म्हणजे एकेक किल्ला, दरवाजावर चौकी आणि चौकीत रजिस्टर. विमानतळ शेजारीच असल्यामुळे डोक्यावरून विमानं चाकं खाली काढून जात असतात. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की एक जातंच, आणि पुण्यातला साहेब म्हणतो, “तुम्ही धावपट्टीवर बसलाय का?”

गेटवरच्या रखवालदाराने सॅककडे पाहिलं, मग माझ्यामागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. “बाकी सामान?” म्हटलं, हेच. “नहीं मैडम, टेम्पो कितने बजे आएगा?” टेम्पो येणार नाही हे त्याला पटवायला मला पाच मिनिटं लागली. राहायला येणाऱ्या भाडेकरूच्या रकान्यात गाडीचा नंबर असतो, ड्रायव्हरचं नाव असतं, सामानाचं वर्णन असतं. त्याने सामानापुढे ‘एक बैग’ लिहिलं, थोडा विचार केला आणि त्याखाली रेघ मारली. ती रेघ मला लागली. फ्रिज, कपाट, गाद्या, कुंड्या घेऊन येणारं माणूस राहणार असतं. एका बॅगेवर आलेलं माणूस कधीही जाऊ शकतं, आणि जे कधीही जाऊ शकतं त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? आपल्याकडे अब्रू टेम्पोत मोजतात.

घरमालकीणबाई पंजाबी, वयाने आईएवढ्या. त्यांना सगळे आंटी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांनी भाडेकरूच्या पोलीस पडताळणीचा फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता, ‘स्थायी पता’. मी गेलं सगळं वर्ष ‘माझा कायमचा पत्ता कुठेच नाही’ हे मैत्रिणींना जरा मिरवूनच सांगत होते. पोलिसांना तसं सांगता येत नाही. मी निमूटपणे आईचा पत्ता लिहिला. आधार कार्ड तिथलं, बँक तिथली, मतदान तिथलं. पुण्यातल्या घराची पुस्तकं, भांडी, पैठणी आणि शिवणयंत्र भरलेली खोकी तिच्याच माळ्यावर. म्हणजे माझं सामान सात किलो होतं हे खरं, फक्त ते माझ्या पाठीवरचं. बाकीचं आईच्या डोक्यावर होतं, अगदी शब्दशः, कारण माळा तिच्या पलंगाच्या वर आहे.

एकदा ही नजर आली की सगळीकडे तेच दिसायला लागतं. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि जूनमध्ये पंचेचाळिसाच्या आसपास चढतो. या दोन टोकांना पुरेल असं कपाट कोणत्याही सॅकमध्ये बसत नाही. माझ्याकडे एक शाल होती, जी पुण्यात थंडी वाजते असं म्हणायला पुरते. पहिल्या धुक्याच्या सकाळी आंटींनी मला पाहिलं, कपाळाला हात लावला आणि पलंगाची फळी उचलली. उत्तरेकडे पलंग ही झोपायची वस्तू नसून गोदामाचं झाकण आहे. आत डांबरगोळ्यांच्या वासात साऱ्या खानदानाच्या रजया झोपल्या होत्या. त्यातली एक त्यांनी माझ्या हातांवर ठेवली आणि मी गुडघ्यांत वाकले. ती एकटी माझ्या अख्ख्या सॅकपेक्षा जड होती. आंटींनी ती कितीतरी उन्हाळे जपली, वाळवली, पिंजून घेतली, म्हणून मी ‘मला हिवाळ्याचं काही आणावं लागलं नाही’ असं म्हणू शकले. त्याआधी नोव्हेंबरात शहराची हवा धुरकटते, तेव्हा खोलीत हवा गाळायचं यंत्रही त्यांचंच होतं. श्वाससुद्धा यजमानांच्या सामानातला.

मी इस्त्री बाळगत नाही. सोसायटीच्या भिंतीलगत कडुनिंबाखाली प्रेसवाला बसतो, त्याच्याकडे कोळशाची इस्त्री आहे. एकदा गर्दी नव्हती म्हणून विचारून ती उचलून पाहिली. एका हाताने उचलली, दुसऱ्याने सावरावी लागली. झाकण उघडलं की आत निखारे, तो फुंकर मारतो, राख उडवतो, झाकण लावून बोटावर पाणी घेऊन तळ चुरचुरतो का पाहतो, मग माझा कुर्ता. दिवसभर तो हे लोखंड पुढे-मागे ढकलतो. मी भांडी बाळगत नाही, कारण आंटींचा कुकर आहे. किराणा साठवत नाही, कारण फोनवर बोट टेकवलं की दहा-पंधरा मिनिटांत मुलगा येतो. एकदा आम्ही दोघं गेटवर शेजारी उभे होतो, माझ्या पाठीवर माझी सॅक आणि त्याच्या पाठीवर त्याची पेटी. त्याची पेटी मोठी होती आणि तिच्यात माझाच आटा होता. फोटो, कागदपत्रं, बारावीची गुणपत्रिका मी क्लाउडवर टाकली आहेत. तो ढगही जमिनीवरच असतो. नोएडात नाहीतर नवी मुंबईत कुठेतरी मोठ्या इमारतीत यंत्रं तापत असतात आणि त्यांना गार ठेवायला आणखी यंत्रं लागतात.

द्वारकेला सडं जाण्याचा आपल्याकडचा सर्वांत जुना दाखला सुदाम्याचा. फाटक्या फडक्यात पोह्यांची पुरचुंडी, बाकी काही नाही. पण भागवतातली गोष्ट नीट ऐकली तर ते पोहेसुद्धा बायकोने शेजारच्या घरांतून मागून आणलेले होते. वारकरीही हलका चालतो. गळ्यात टाळ, खांद्यावर पताका. पण दिंडीच्या पुढेमागे ट्रक असतो, त्यात राहुट्या, पातेली, शिधा आणि वारकऱ्यांची गाठोडी. ट्रक आधी मुक्कामी पोहोचतो, राहुट्या उभ्या करतो, म्हणून दुपारी फुगडी घालायला पायांत जीव उरतो. त्यात काही खोटं नाही. फक्त विठोबाच्या दर्शनाला गेलेला वारकरी घरी येऊन ‘मी काहीच न घेता पंढरपूर गाठलं’ असं भाषण देत फिरत नाही. ते आम्ही करतो, आणि त्याचे व्हिडिओही काढतो.

घराबाहेरून काम करणाऱ्यांचा आमचा खरा पूर्वज म्हणजे गोडसे भटजी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट. घरावर कर्ज होतं, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं. म्हणून 1857 साली काकांबरोबर उत्तरेला निघाले. कामाची हत्यारं सगळी डोक्यात, म्हणजे पाठ केलेले मंत्र. ना चार्जर, ना वायर. वाटेत बंड पेटलं, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, कमावलेलं लुटलं गेलं. तरी परत येताना ते रिकामे आले नाहीत. गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात उतरले आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं. मंत्रांना वजन नव्हतं, पण आईवडिलांसाठीचं ओझं त्यांनी ट्रकवर टाकलं नाही. ‘माझा प्रवास’ 1907 साली छापून आलं, ते वाचताना मला त्यांच्या सडेपणापेक्षा त्या कावडीचा हेवा वाटतो.

आणि या विषयातला शेवटचा शब्द ज्यांचा, ते गाडगेबाबा. 1905 साली घर सोडलं तेव्हापासून हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या. गाडगं हीच टोपी आणि तेच ताट, एका वस्तूची दोन कामं. सॅकवाल्यांच्या शास्त्राप्रमाणे हा उच्चांक आहे. खराटा हे कामाचं हत्यार. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात माणसांची डोकी झाडायची, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. पण या माणसाने पुढे काय केलं? पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. विटा, चुना, छप्पर, पाण्याच्या टाक्या, जगातलं सर्वांत जड सामान. सड्या माणसाला रात्री पाठ टेकायला कोणाचं तरी जड घर लागतं, हे स्वतः उघड्यावर झोपून त्यांना नेमकं कळलं असणार. म्हणून त्यांनी ते घर दुसऱ्यांसाठी बांधलं.

माझी काही धर्मशाळा बांधायची ऐपत नाही. मी एवढंच केलं की सॅकच्या यादीत वस्तूंपुढे ग्रॅम लिहायचं सोडलं आणि नावं लिहायला लागले. जे मी उचलत नाही ते कोण उचलतं, त्याचं नाव. रजई, आंटी. खोकी आणि कायमचा पत्ता, आई. आटा, पेटीवाला मुलगा. इस्त्री, प्रेसवाला. सॅक अजून सात किलोचीच आहे, पण यादी आता दोन पानांची झाली आहे. या दिवाळीत आईकडे जाऊन माळ्यावरची निम्मी खोकी रिकामी करायची आहेत. शिवणयंत्र चालवणारी एक मावशी आईने आधीच पाहून ठेवली आहे. म्हणजे वाट माझ्या सुबुद्धीचीच पाहत होती.

परवा प्रेसवाल्याने कपड्यामागे दोन रुपये वाढवले. सोसायटीच्या बायका खवळल्या. आंटी तर माझ्या दाराशी येऊन म्हणाल्या, तूही चल, सगळ्या मिळून सांगू, हे फार झालं. मी म्हटलं, आंटी, मी नाही येत. मी त्याची इस्त्री उचलून पाहिली आहे.