नुसता फ्लॅश

लग्नाच्या फोटोग्राफरचं कोटेशन हा मराठी गद्यातला एक दुर्लक्षित प्रकार आहे. आरंभी सूर्यास्त असतो, सूर्यास्तासमोर पाठमोरं जोडपं असतं आणि त्यांच्या डोक्यावर आयुष्यातल्या मोलाच्या क्षणांविषयी दोन हळव्या ओळी. मग मजकूर हळूहळू जमिनीवर उतरतो. कॅन्डिड एक, ट्रॅडिशनल एक, व्हिडिओवाले दोन, ड्रोन, टीझर, रील, चाळीस पानी करिझ्मा अल्बम. आणि सगळ्यांत शेवटी, औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात तेवढ्या बारीक अक्षरांत, अधिक 18 टक्के जीएसटी. भाचीने "मामा, तूच बोल ना त्यांच्याशी" म्हणून ते माझ्याकडे पाठवलं, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा एकदा आकडा वाचला. एक लाख पासष्ट हजार. गुरुजींची दक्षिणा, सनई-चौघडा आणि नवरदेवाचा सूट यांची बेरीज करूनही मी तिथवर पोचत नव्हतो. बरं, गुरुजी निदान लग्न लावतात. हा गृहस्थ ते लागलं एवढंच सांगणार होता.

गृहस्थ म्हणजे पंचविशीचा मुलगा निघाला. कोरलेली दाढी, पाठीवर काळी सॅक, आणि आवाजात एखाद्या तरुण डॉक्टरचा दिलासा. "काका, तुम्ही बजेट सांगा, आपण बसवू," तो म्हणाला. मी घासाघीस सुरू केल्यावर त्याने ड्रोन फुकटात देऊ केला. कार्यालयाला छत आहे याची मी आठवण करून दिली. "मग गेटवर उडवू," तो म्हणाला. त्याचा हिशेब मात्र चोख होता. आपल्याकडे आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्ताचं नाव नसतं, आणि तो उघडला की सगळ्यांना एकच दिवस हवा असतो. पंचांग उघडून आपण सारे मिळून त्याचं वर्ष मोजक्या तारखांमध्ये कोंबतो, आणि उरलेल्या महिन्यांत कॅमेऱ्याचे हप्ते काही चातुर्मास पाळत नाहीत. त्याने कॅमेऱ्याची कड उघडून आतल्या दोन खाचाही दाखवल्या. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो. एखादं कार्ड ऐन वेळी दगा देतं, आणि "काका, मंगळसूत्र काय पुन्हा घालता येतं का?"

येतं, हे नंतर कार्यालयात कळलं. त्यानेच ते नवरदेवाला पुन्हा घालायला लावलं, कारण पहिल्या वेळी करवलीचा हात मध्ये आला होता.

फोटो ही महाग चीज आहे, ही समजूत काही आजची नाही. मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी निघाली 1854 साली, आणि तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी होती. या नादाला पैसा लागे, रसायनं लागत आणि भरपूर सवड लागे. काचेवर चित्र उमटायला वेळ लागायचा, म्हणून बसणाऱ्याचं डोकं हलू नये यासाठी मानेमागे लोखंडी टेकू लावत. आपल्या भिंतींवरचे पणजोबा इतके करारी का दिसतात याचं निम्मं उत्तर त्या टेकूत आहे. उरलेलं निम्मं उत्तर बहुधा बिलात असावं. एवढे पैसे मोजून कोण हसेल?

आणि त्या फोटोंत चांदी असे. अलंकारिक अर्थाने नव्हे, खरोखरीची. फिल्मवर आणि कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असायचा, आणि वापरून झालेल्या हायपोच्या पाण्यातून ती चांदी परत काढता यायची. म्हणजे जुन्या अल्बमचं वजन थोडंफार दागिन्यांच्या जातीचं होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न 1980 च्या वैशाखात साताऱ्याला झालं. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने जगभर चांदी भडकून मग कोसळली होती, आणि आमच्या फोटोवाल्याने दर वाढवताना तिचा दाखला दिला. कोसळल्याचा भाग त्याने गाळला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, शाळामास्तर. त्यांनी वर्तमानपत्र वाचलेलं असल्यामुळे गाळलेला भाग त्याला सांगितला, आणि सौदा दोन रोलवर तुटला. एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणजे अख्ख्या लग्नाचे चोवीस.

चोवीस फोटोंत लग्न बसवणं ही खंडकाव्याइतकीच अवघड रचना आहे. अण्णांनी पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर यादी केली. सीमांतपूजन एक, गौरीहर एक, अंतरपाट एक, सप्तपदी एक, कानपिळी (मेहुण्याचा मान म्हणून, नाइलाजाने) एक, व्याह्यांकडचे सात. आमच्याकडच्यांना जे उरलं ते. फोटोवाला छातीवर यशिका लटकवून, तिच्या विहिरीत डोकावावं तसा वाकून बघायचा. मी एकदा त्याची परवानगी काढून त्या विहिरीत पाहिलं. त्या काचेत माणसं डावी-उजवी उलटी दिसतात. क्षणभर वरपक्ष वधूपक्षाच्या जागी गेला होता आणि अण्णांची मान बरीच ताठ वाटली होती.

पण लग्नात माणसं चोवीस नसतात. दर थोड्या वेळाने कुणीतरी नवं लुगडं सावरत मांडवात उभं राही आणि "आमचा एक काढा हो" म्हणे. नाही कसं म्हणायचं? इथे अण्णांची आणि फोटोवाल्याची खूण ठरलेली होती. अण्णांनी टोपी नीट केली तर खरा फोटो. टोपीला हात लागला नाही, तर फोटोवाल्याने तितक्याच मन लावून वाकायचं, "जरा जवळ या, हं, इकडे बघा" म्हणायचं आणि नुसता फ्लॅश मारायचा. फिल्म जागची हलायची नाही. लखकन प्रकाश पडे, माणसं क्षणभर आंधळी होत आणि प्रसन्न चेहऱ्याने पंगतीकडे वळत. ज्यांनी आयुष्यात पाच पैशांची लबाडी केली नाही, त्या अण्णांनी त्या दिवशी अर्ध्या सातारा जिल्ह्याला असं उजळून परत पाठवलं.

मला तेव्हा ही फसवणूक वाटली होती. आता तितकीशी वाटत नाही. मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या बाईला तिचा फोटो किती हवा असतो आणि एवढ्या गर्दीत कुणीतरी थांबून फक्त तिच्याकडे पाहावं हे किती हवं असतं, याची फोड करणं कठीण आहे. दुसरी गोष्ट तिला मिळत होती, तीही खर्च न येता.

मालूआत्याचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. ती अण्णांची चुलत बहीण, वाईजवळच्या खेड्यात एकटी राहायची. तिलाही त्या दिवशी फ्लॅश मिळाला होता. पुढे दर दिवाळीला ती विचारी, "माझा फोटो आला का रे धुऊन?" अण्णा सांगत, तो रोल उजेड लागून गेला. ती मान हलवून म्हणे, "बघ, मी तेव्हाच म्हणाले होते, तो माणूस गडबड करत होता." तिने स्वतःसाठी दुसरा फोटो कधी काढला नाही, आमच्या लग्नातला एक "निघालेला" होताच ना. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला काही मिळेना. अण्णांनी अक्काचा अल्बम काढला, आणि व्याह्यांच्या फोटोच्या पार कडेला, कुणाच्या तरी फेट्यामागे, ती सापडली. हातात ताम्हन, नजर थेट कॅमेऱ्याकडे. तिच्या पाळीची वाट बघत असावी. अण्णा तो फोटो घेऊन पुण्याला गेले. तेवढाच चेहरा वेगळा काढून, मोठा करून, फेटा ब्रशने पुसून घ्यायचा होता. त्या काळी या कामाला जे पैसे पडले त्यात अक्काच्या लग्नाचा अख्खा रोल निघाला असता. अण्णांनी मुकाट्याने मोजले. घासाघीस न करता त्यांनी पैसे दिल्याचं मला एरवी आठवत नाही.

हे सगळं त्या दाढीवाल्या मुलाला सांगण्यात अर्थ नव्हता. मी फक्त एवढंच विचारलं, "नुसता फ्लॅश मारतोस का रे कधी?" त्याला प्रश्नच कळला नाही. "कशाला, काका? शटर दाबायला काय जातंय?"

लग्नाच्या दिवशी मी त्याच्यावर लक्ष ठेवून होतो. इतके पैसे द्यायचे तर निदान तो काय करतो ते पाहावं. मंगलाष्टका चालू असताना सगळं सभागृह अंतरपाटाच्या एका ना एका बाजूला असतं. तो मात्र त्या वस्त्राच्या धारेवर उभा होता. इकडे भाचीची खाली झुकलेली मान आणि हारात अडकलेली नथ, तिकडे नवरदेवाची टाचा उंचावून पलीकडे बघायची चोरटी धडपड. दोन्ही एकदम दिसणारा तिथे तो आणि गुरुजी, आणि गुरुजींचे डोळे पोथीत. अक्षता पडल्या तशी त्याने कोपराने घाम पुसला आणि खाली बसून थेट माझ्या बहिणीकडे कॅमेरा वळवला. ती रडणार हे तिलाही अजून माहीत नव्हतं. पुढे पंगती उठल्या, विहिणींचे मान झाले, आईस्क्रीमचे डबे पालथे पडले, आणि साडेचारच्या सुमारास हा मुलगा कॅटरर्सच्या टेबलामागे उभ्याउभ्या गार मसालेभात खात होता. मी म्हटलं, "अरे, बसून खा." तो म्हणाला, "नको काका, झाल बाकी आहे."

फोटो आले ते चार हजारांवर. अण्णांच्या यादीतली कानपिळी एकटीच एकसष्ट फोटोंत आहे. कडेला कुणी उरलेलं नाही. पार्किंगवाल्यापासून उष्टी उचलणाऱ्या मावशींपर्यंत सगळे आले आहेत, काहीजण तर इतके देखणे की त्यांचं त्यांनाही पटू नये. आता त्यातून अल्बमसाठी दीडशे निवडायचे आहेत. भाची आणि जावई दर रविवारी लॅपटॉप उघडून बसतात. हळदीच्या फोटोंपर्यंत आले की एखादी काकू दिसते, मग तिच्या गावाची गोष्ट निघते, मग जावई विचारतो ही कोण, ती कोण, त्यांच्यात बोलणं बंद का आहे. आणि चहा होतो. लॅपटॉप तिथेच मिटतो. मुहूर्ताच्या फोटोंपर्यंत दोघं अजून पोचलेली नाहीत. फोटोग्राफरचा निरोप मात्र नेमाने येतो: काका, सिलेक्शन झालं का, डेटा आम्ही वर्षभरच ठेवतो, पुढे चार्ज पडेल.

परवा बहिणीने विचारलं, किती पडेल. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "देऊन टाक. त्यांचं आत्ता कुठे हळदीचं चाललंय."