मानद शिक्षिका, इयत्ता चौथी

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असामान्य बुद्धीच्या मुलांची स्वतंत्र दखल घेतली आहे, हे कळल्यावर पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या गुरुजींना अगदी भरून आलं. शाळाशाळांत गणितमंडळं, विज्ञानमंडळं काढा, असं धोरण सांगतं. गुरुजींच्या शाळेचा पट नऊ. मंडळ लगेच स्थापन झालं. अध्यक्ष चौथीतली एक पोरगी, सचिव तीच, सभासद तिचा दुसरीतला भाऊ. इतिवृत्तही तिनेच लिहिलं, कारण गुरुजी तेव्हा पोर्टलवर माहिती भरण्यासाठी रेंज शोधत टेकाडावर गेले होते.

पोरगी हुशार आहे हे ओळखायला कुणाची चाचणी लागली नाही. शाळेच्या खिचडीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ. पन्नास किलोची गोण नऊ जणांना 55 दिवस पुरते आणि अर्धा किलो उरतो, हे ती पाटीला हात न लावता सांगते. तो उरलेला अर्धा किलो जातो कुठे, असंही तिने एकदा विचारलं होतं. असल्या प्रश्नावरून प्रतिभा ओळखावी, असं अद्याप कुठल्याही परिपत्रकात आलेलं नाही.

आता अशा मुलीला शाळेत काय शिकवतात? काही नाही, तीच शिकवते. गुरुजी एक, वर्ग चार. आपला धडा ती सकाळीच संपवते आणि उरलेला दिवस पहिलीच्या पोरांकडून बाराखडी गिरवून घेते. हुशार मुलांना वैयक्तिक लक्ष मिळावं, असं तज्ज्ञ म्हणतात. इथे ते लक्ष आहे. फक्त मिळत नाही, द्यावं लागतं. बी.एड.ला गुणवंतांच्या शिक्षणाचा खास अभ्यासक्रम असावा, असंही धोरणात सुचवलंय. आमच्याकडे बी.एड.च चौथीत उरकतं.

तसं महाराष्ट्र गुणवंतांना विसरलाय असं कोण म्हणेल? पुण्यात 1962 पासून ज्ञान प्रबोधिनी आहे. खेड्यातल्या हुशार मुलांसाठी मधुकरराव चौधरींनी 1966 साली विद्यानिकेतनं काढली. 1986 च्या धोरणातून नवोदय विद्यालय आलं. आमच्या रायगड जिल्ह्याचं माणगाव तालुक्यात, निजामपूरला. चांगल्याच आहेत या शाळा, गरिबाच्या पोराचं त्यात सोनं झालंय. पण रीत बघा: निवडा आणि उचलून न्या. नवोदयला अख्ख्या जिल्ह्यातून 80 पोरं, त्यासाठी दोन तासांत 80 प्रश्न. बाकीच्या हुशारांनी पुढे काय करायचं, याचं उत्तर मात्र चार पर्यायांत कुठेच नाही. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. त्यांच्या वेळी उत्तरपत्रिकेवर असे गोळे काळे करायचे नव्हते, हे संस्कृतचं नशीब.

वाडीवरच्या शाळेचं मात्र सरकारला भलतंच कोडं पडलेलं असतं. तरणी माणसं मुंबईला, मग पाळणे हलतात ते तिकडेच. पट वाढणार कुठून? 2023 साली वीसच्या आतल्या शाळा गोळा करून समूहशाळा करायचं निघालं. त्यावर बोंब झाली. मग 5 सप्टेंबर 2024 ला, म्हणजे नेमका शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून, अशा शाळांतल्या दोन शिक्षकांपैकी एक कंत्राटी, महिना 15,000 रुपयांवर, असं ठरलं. पुढे तोही निर्णय मागे घेतला. आमच्या पोरीचं काम या सगळ्या काळात अखंड चालू होतं, तेही बिनपगारी.

तेव्हा साहेब, मंडळं राहू द्या. धोरणातल्या ऑनलाइन प्रश्नमंजुषाही वाडीवर रेंज येईपर्यंत थांबतील. आधी या शाळेला दुसरा गुरुजी द्या, आणि कायमचा द्या. शाळा चौथीपर्यंतच आहे, पोरगी जूनमध्ये पाचवीला दुसऱ्या गावात जाणार. म्हणजे पहिलीच्या वर्गावरची जागा रिकामी होतेय.