वापर : नुसतं बसणं

लीड्सला असलेल्या आमच्या मुलीनं तिच्या परसातल्या लाकडी खोलीचा फोटो पाठवला आणि आमच्या घरात नगररचनाशास्त्र शिरलं. खोली देखणी होती. तीन बाजूंनी काच, आत एक खुर्ची, एक दिवा आणि माणूस एकही नाही. तिकडे म्हणे अशा एकमजली खोलीला बहुतेक वेळा परवानगीच लागत नाही. छपराची वळचण अडीच मीटरच्या वर न्यायची नाही, घराभोवतीच्या जागेतली निम्म्याहून जास्त अडवायची नाही, कुंपणापासून दोन मीटरच्या आत बांधलं तर सगळी उंचीच अडीच मीटरात आवरायची. झालं. "बाबा, मागं कडुनिंबापाशी तुमच्यासाठी अशीच बांधा. निवांत लिहीत बसाल."

आता वर्ध्यात, पारा शेहेचाळिसाच्या पुढं गेलेला असताना, तीन बाजूंनी काच लावलेल्या खोलीत जो दुपारी लिहायला बसेल त्याला संध्याकाळी बाहेर काढायला चार माणसं लागतील. म्हणून मी आराखडा देशी केला. कुडाच्या भिंती, वर कवेलू, खिडकीला वाळ्याचे ताटे. नऊ बाय बारा. कागदावर ती इतकी गार वाटली की मी त्या कागदानंच वारा घेतला.

मग ओळखीतल्या एका तरुण अभियंत्याला बोलावलं. तो आला, कडुनिंबाखाली उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तिले खोली काहून म्हणता? खोली म्हटलं का नकाशा आला."

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे. तिचं नाव 'एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली'. (यातलं 'प्रोत्साहन' कुठल्या पानावर आहे, हे मी अजून शोधतो आहे.) दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर साधं घर बांधायचं तर तिनं काम बरंच सोपं केलं आहे. कागद द्या, शुल्क भरा, पावती हीच परवानगी. माझा प्लॉट चाळीस बाय साठचा, म्हणजे २२३ चौरस मीटर. त्र्याहत्तर मीटरांनी मी सुखाला मुकलो. शिवाय राहण्याच्या खोलीची उंची इथं किमान पावणेतीन मीटर हवी. म्हणजे लीड्सच्या कुंपणालगत जी खोली उंचीमुळे नियमात बसते, तीच वर्ध्यात उंचीमुळे खोली ठरत नाही. आणि कुंपणापासून मोकळी सोडायची जागा, जिला सरकारी मराठीत 'सामासिक अंतर' म्हणतात, ती सोडली तर माझ्या खोलीसाठी उरत होती ती रुंदी उभ्यानं वाचायला पुरेशी होती.

खरं सांगायचं तर या सामासिक अंतराबद्दल मला आदर आहे. शेजाऱ्याच्या खिडकीत वारा जावा, आग लागली तर माणसाला घराला वळसा घालता यावा, एवढंच त्याचं म्हणणं. आमच्या लेआउटमध्ये निम्म्या लोकांनी ते अंतर जिने, संडास आणि स्कूटरच्या शेडखाली गिळलं आहे. तेच लोक मला भेटून म्हणाले, "परवानगी कोण विचारते हो? टाका टिना अन् बसा." नगररचना अधिनियमाच्या त्रेपन्नाव्या कलमाखाली नोटीस येते, हे मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

सेलू तालुक्यात राहणारे आमचे मेहुणे याहून जोरात. गावात सोळाशे चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीकडे कागद दिले की पुरे, बत्तीसशेपर्यंत नगररचनाकाराकडे जायचं काम नाही, हे त्यांना तोंडपाठ. "भाऊजी, शहरात राहून काय मिळवलं?" वर त्यांनी एक गुपित सांगितलं. अर्ज टाकायचा आणि गप्प राहायचं. साठ दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळाली असं मानायचं, कलम ४५. अभियंता म्हणाला, तसं कलम आहे, पण नकाशा नियमात बसणारा असेल तरच. मेहुण्यांनी तो भाग वाचला नव्हता. तो कोणीच वाचत नाही.

नकाशा कसाबसा कोंबला, तर अर्जापाशी अडलो. वापर काय लिहायचा?

मी म्हटलं, "लिहा, नुसतं बसणं."

असा वापर नसतो म्हणे. अभियंत्यानं 'कोठार' सुचवलं. हिनं ते ऐकलं आणि कोठारात सरगुंडे, कुरड्या आणि वर्षाची तूरडाळ मनातल्या मनात मांडूनही टाकली. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "किरायानं देता का? सावंगीच्या कॉलेजची पोरं हिंडून राह्यली खोलीसाठी." खोलीचा पायाही खणला नव्हता आणि तिच्यात माझ्याखेरीज सगळे राहायला आले होते.

एकांताच्या खोलीचं हेच होतं, याचा पुरावा आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर सेवाग्रामला उभा आहे. १९३६ च्या एप्रिलअखेरीस गांधीजी तिथं गेले ते खेड्यात एकटं राहायचं म्हणून. गावचे मालगुजार जमनालाल बजाज, तेव्हा जागेची अडचण नव्हती, आणि नगररचना अधिनियम यायला तीस वर्षं होती. पण पहिल्या आदी निवासात सगळेच एकत्र राहू लागले. मीराबहेननी स्वतःसाठी शेजारी मातीची कुटी बांधली, भिंतीवर मातीतच ताडाची झाडं उमटवली, आणि त्या कुटीत राहायला गेले गांधीजी. तीच बापूकुटी. पुढं बा कुटी, महादेव कुटी, परचुरे कुटी अशी वस्तीच झाली. १९७८ च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच बापूकुटीत बसले आणि घर व कुटी यांतल्या फरकावर भाषण करून गेले. ती कुटी ज्यांनी बांधली त्यांना बसायला जागा मिळाली का, याबद्दल जग फारसं बोलत नाही.

शेवटी नियमावलीनंच मला तारलं. मोकळ्या ठेवायच्या जागेत काय चालतं, याची तिच्यात एक यादी आहे, आणि ती वाचून मी थक्क झालो. विहीर चालते. कारंजं चालतं. बाक, झोका, घसरगुंडी चालते. वरून उघडा आणि भिंती नसलेला चबुतरा चालतो. झाडाभोवतीचा पार चालतो! एवढ्या रुक्ष कागदात हे लिहिणारा माणूस नक्कीच आजोळी सुट्टीत राहिलेला असणार. खोलीला पावणेतीन मीटर उंची हवी, कडुनिंब आठ मीटर आहे. त्याचं छत चटई क्षेत्रात मोजत नाहीत.

पार बांधला. गवंडी म्हणाला तेवढ्या दिवसांत झाला नाही, पण झाला. अभियंत्यानं पैसे घेतले नाहीत, फक्त पारावर चहा घेतला.

आता सकाळी तिथं वाळवण असतं, दुपारी काकू असतात, संध्याकाळी ते परवानगी न विचारणारे शेजारी असतात आणि सुट्टीत मेहुणे झोपलेले असतात. घरात मात्र कोणी नसतं. मी मधल्या खोलीत पंखा लावून निवांत लिहितो. त्या खोलीला मंजूर नकाशा आहे, भोगवटा प्रमाणपत्रही आहे.