फुंकरवाले

राजीवनगरपासून वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंत इंदिरानगरच्या कुठल्याही सोसायटीत शिरा, एक फुंकरवाला सापडतोच. फुंकरवाला म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट फुंकर मारून चालवू पाहणारा गृहस्थ. दिवाणखान्यात भिंतभर सपाट टीव्ही, आणि आतल्या खोलीत चादरीखाली पिक्चर ट्यूबचा जुना डबा. तो डबा भंगारात का देत नाही, यावर दर दिवाळीच्या साफसफाईत भांडण होतं आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं: 'डक हंट'ची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. हे मात्र शंभर टक्के खरं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. आणि हा सगळा हिशेब पिक्चर ट्यूबच्या वेगावर बसवलेला. बंदूक केव्हाच मोडली आहे, एवढं तो सांगत नाही.

माझं म्हणणं असं, की या माणसाचं प्रेम खेळावर नाहीच. खेळ सुरू होण्यावर आहे. कॅसेट लावतो, करड्या पट्ट्या येतात. काढतो, फुंकतो, बनियनला पुसतो, पुन्हा फुंकतो. 'काँट्रा'चं नाव पडद्यावर झळकलं की चेहरा उजळतो, दोन मिनिटं गोळ्या झाडतो आणि "बघ, अजून चालतंय!" म्हणत रिमोट खाली ठेवतो. फुंकू नका, असं खुद्द निन्टेंडोने बजावलं होतं. तोंडातल्या वाफेने आतल्या पट्ट्या गंजतात. कॅसेट चालते ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. पण श्रद्धेपुढे वाफेचं काय चालणार? हा गृहस्थ सिमकार्ड फुंकतो, पेन ड्राइव्ह फुंकतो, टीव्हीच्या रिमोटचे सेल फुंकतो. सत्यनारायणाचा गार शिरासुद्धा फुंकून खातो.

यावर त्याचा आक्षेप तयार असतो: आमच्या वेळचे खेळ अवघड होते, कौशल्य लागायचं. अवघड होते, मान्य. पण 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ ४० केबीचा. सकाळी येणारा 'शुभ प्रभात'चा गुलाब त्याहून जड असतो. एवढ्याशा जागेत पोरांना महिनाभर गुंतवायचं तर मेला की पुन्हा पहिल्यापासून, हाच स्वस्त उपाय. आणि कौशल्याचं म्हणाल, तर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं करून 'काँट्रा'त तीस जीव कोणी घेतले? ती क्लृप्ती काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या 'ग्रेडियस'मध्ये घातली, कारण तपासताना तो खेळ त्यांनाच झेपेना. कॅसेटवरच्या '९९९९ इन १'बद्दल तर बोलायलाच नको. मोजकेच खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा येत.

मग हा नुसता हट्ट का? इथे मात्र मला नाइलाजाने त्याची बाजू घ्यावी लागते. प्लेस्टेशन २वरचं 'क्रिकेट ०७' घ्या. २००६ साली आलेला खेळ. आपल्या संघाचा परवाना नव्हता, म्हणून आपल्या खेळाडूंची नावं भलतीच. ईएने त्यानंतर क्रिकेटचा मोठा खेळ काढलाच नाही. तरी ती डिस्क आजही कोणाची परवानगी न मागता सुरू होते. आजचा खेळ विकत घेऊनही तो कंपनीच्याच मर्जीवर असतो. सर्व्हर बंद झाला की ऑनलाइन सामने संपले. बिघडलेली वस्तू उघडून बघणं हे आपलंच काम आहे असं मानणारा सोसायटीत हाच एक उरला आहे. शेजारणीचा मिक्सर अडला तर सर्व्हिस सेंटरच्या आधी त्यालाच बोलावतात, आणि मिक्सर बऱ्याचदा चालूही होतो, फुंकरीमुळे नसला तरी.

मुलगा आणतो ते प्लेस्टेशन ५, तेही डिजिटल एडिशन. डिस्क घालायला फटसुद्धा नाही. सामना लावायचा तर आधी अपडेट, आणि अपडेट अडकलेलं. वैतागून पोरगा म्हणतो, "बाबा, तुम्हीच एक फुंकर मारून बघा."

"कुठून मारू?" बाबा चष्मा लावून यंत्र उलटंपालटं करत विचारतात, आणि ते थट्टा करत नसतात.