माकुलाचं काय केलंत?

पुस्तक आधी वाचलेला प्रेक्षक थिएटरात सिनेमा बघायला जात नाही, तपासणीला जातो. आपल्याकडे ‘दुनियादारी’लाही असे तपासनीस आले होते. पण कादंबरीवरच्या सिनेमात एक सोय असते. ‘दुनियादारी’ची नायिका शिरीन ज्यानं त्यानं आपापल्या मनात पाहिलेली असते. ‘माझी शिरीन अशी नव्हती’ म्हटलं की वाद खुंटला, कारण तुमची शिरीन दुसऱ्या कोणी पाहिलेलीच नसते. ग्राफिक नॉव्हेलमध्ये मात्र चेहरा, कोट, टोपी, रक्ताचा थेंब कुठे उडाला, सगळं चितारून छापलेलं. म्हणजे तपासनिसाच्या बगलेत पुरावा!

पुरावा बगलेत असला की काय होतं, ते ‘वॉचमेन’च्या वेळी दिसलं. ॲलन मूरनं लिहिलेली आणि डेव्ह गिबन्सनं चितारलेली ही बारा अंकांची मालिका १९८६-८७मधली. टेरी गिलियमसारख्या कल्पक दिग्दर्शकानंही हिच्यापुढे हात टेकले होते. २००९मध्ये झॅक स्नायडरनं ती पडद्यावर आणली आणि शक्य तिथे गिबन्सच्या चौकटी उचलून तशाच डकवल्या. रक्त उडालेला हसरा बिल्ला तोच, खिडकीबाहेर भिरकावलेला कॉमेडियन तोच, रॉर्शाकच्या मुखवट्यावरचे हलते डाग तेच. चाहत्यांची वर्षानुवर्षांची मागणी एवढीच होती: कशाला हात लावू नका. स्नायडरनं हात लावला तो मुख्यतः शेवटाला. पुस्तकात न्यूयॉर्कच्या मध्यावर एका महाकाय माकुलाचं धूड येऊन पडतं (कोकणात तळून खाल्लेल्यांनी आकार जरा वाढवून घ्यावा) आणि लाखो माणसं मरतात. सिनेमात माकूल रद्द. त्याऐवजी जगभर स्फोट, आणि आळ डॉक्टर मॅनहॅटन या निळ्या महामानवावर.

झालं! १६२ मिनिटांच्या इमानदारीतून तपासनिसांनी बाहेर काय आणलं, तर माकूल.

माझं विचाराल तर सिनेमाचा शेवट जास्त नेटका आहे. अर्थात हे चाहत्यांच्या घोळक्यात बोलू नये. खरा घोटाळा वेगळाच होता. पुस्तकातले हे मुखवटेवाले सुटलेल्या पोटाचे, कुढणारे, थोडे केविलवाणे आहेत. मूर-गिबन्सनी त्यांची हवा काढलीय. स्नायडरनं त्याच मंडळींना स्लो मोशनमध्ये हाडं मोडायला लावून पुन्हा हवा भरली. चौकट जशीच्या तशी आणि अर्थ उलटा! पण यावर ओरड त्या मानानं कमीच झाली. माकूल आहे की नाही, हे बोट ठेवून दाखवता येतं. अर्थावर बोट कसं ठेवणार?

पुस्तक न वाचलेल्यांची तक्रार सरळ होती: हा निळा माणूस चड्डी का घालत नाही? अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत साडेपाच कोटी डॉलर जमले, पुढच्या शुक्रवार ते रविवार पावणेदोन कोटींच्या आसपास. तपासणी उरकली होती. २०१९मध्ये एचबीओच्या मालिकेनं पहिल्याच भागात आकाशातून छोट्या माकुलांचा पाऊस पाडला, तेव्हा कुठे न्याय झाला. मग नवी कुरकुर निघाली: ही गोष्ट पुस्तकात नाहीच की!

पुस्तक आहे हेच ठाऊक नसेल तर प्रेक्षक किती समंजस होतो पाहा. ‘रोड टू पर्डिशन’ (२००२) बघताना लोक टॉम हँक्स बघत होते, पाऊस बघत होते. चित्रकाराच्या चौकटीशी कोणी ताडून पाहिलं नाही, कारण अशी काही चौकट आहे याचा बहुतेकांना पत्ताच नव्हता. ‘अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स’ची पटकथा हाती आली तेव्हा खुद्द दिग्दर्शक क्रोनेनबर्गलाही नव्हता! सिनेमा उत्तम झाला.

उलट ‘स्कॉट पिलग्रिम’ (२०१०). चाहते खूश, सिनेमा आपटला, कारण खूश व्हायला चाहते सोडून फारसं कोणी आलंच नाही. बाकीचे स्टॅलोनचा ‘द एक्स्पेन्डेबल्स’ बघायला गेले होते. २०२३मध्ये ‘स्कॉट पिलग्रिम’ची ॲनिमेशन मालिका आली आणि मूळ लेखक ब्रायन ली ओमॅलीनं स्वतः बसून गोष्ट बदलली. तेव्हा काही चाहते लेखकालाच सांगू लागले, की पुस्तकात असं नव्हतं.

या सगळ्यांत मूर एकटा सुखी. तो आपल्या पुस्तकांवरचे सिनेमे बघतच नाही. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’च्या आणि ‘वॉचमेन’च्या श्रेयनामावलीत फक्त चित्रकाराचं नाव आहे. मूरनं आपलं नाव काढायला लावलं आणि पैसेही नाकारले. चाहतेही मूरच्या वतीनं संतापतात, पण तिकीट काढून.

‘व्ही’वर तर त्यांचा विशेष राग. पुस्तकातला पक्का अराजकवादी सिनेमानं सौम्य करून टाकला, ही तक्रार रास्तच आहे. पण डेव्हिड लॉइडनं १९८०च्या दशकात चितारलेला तो गाय फॉक्सचा हसरा मुखवटा जगाच्या गल्लीबोळांत पोचवला तो २००६च्या याच सिनेमानं. २००८मध्ये ‘ॲनॉनिमस’ या निनावी नेटकऱ्यांच्या गटानं तो चढवला, २०११मध्ये वॉल स्ट्रीटविरोधात बसलेल्यांनी चढवला. त्याचे हक्क तेव्हा टाइम वॉर्नरकडे होते. म्हणजे बड्या कंपन्यांच्या नावानं शंख करायला घेतलेल्या प्रत्येक अधिकृत मुखवट्यामागे एका बड्या कंपनीला वाटा. २०१२च्या जूनमध्ये इंटरनेटवरच्या बंधनांविरुद्ध मुंबईत आझाद मैदानावरही ते हसरे चेहरे जमले होते. क्रॉफर्ड मार्केट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे वॉर्नरच्या गल्ल्यात आपल्याकडून फारसं काही गेलं नसावं.